आजारातून उठलेल्या माणसाचा दिनक्रम
(ज्युबिली महोत्सवात धर्मग्रामातील बंधुभगिनींपुढे केलेले भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी आपल्या धर्मग्रामाचा पूर्वेतिहास सांगणारे वक्ते पुष्कळ आहेत, आणि ते काम ते आमच्यापेक्षा अधिक चांगले करतील. आम्ही आज निराळा विषय घेतला आहे. ज्युबिली या शब्दाचा अर्थ आपण उत्सव असा करतो. परंतु लेवीयाच्या पुस्तकात ज्या पन्नासाव्या वर्षाची आज्ञा सांगितली आहे, त्या वर्षी जमिनीस विसावा द्यावयाचा होता आणि दास्यात सापडलेल्यांस मोकळे करावयाचे होते. विसावा व सुटका ही ज्युबिलीची मूळची अंगे होत. आपल्यापैकी कित्येकांवर विसावा घेण्याची वेळ मोठ्या दुखण्याने आणली आहे. अशा माणसाने बरे झाल्यावर आपला दिवस, आपली रात्र आणि आपल्या हातातला मोबाइल यांची नवी व्यवस्था कशी लावावी, याविषयी चार शब्द बोलणे या प्रसंगी अस्थानी होणार नाही.

आपण चिंचपोकळीकर रुग्णालयांच्या शेजारी राहणारी माणसे आहोत. कस्तुरबा रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. परळकडे वळले की १९२६ पासून चाललेले के. ई. एम. आणि १९४१ मध्ये उघडलेले टाटा स्मारक रुग्णालय लागते. ज्या ठिकाणी उपचारासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून लोक येतात, तेथे आपण घरून चालत जातो. तथापि रुग्णालय जवळ असल्याने दुखणे लांब राहते असे नाही. हृदयविकाराविषयी ५२ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच अभ्यासाच्या आधारे २००७ मध्ये असे दाखविण्यात आले की, आपल्या दक्षिण आशियात पहिला झटका येण्याचे मध्यम वय ५३ वर्षे आहे. इतर देशांत ते ५९ च्या आसपास आहे. मुलगा अजून शिकत आहे, मुलीचे लग्न व्हावयाचे आहे, घराचे हप्ते फिटावयाचे आहेत, अशा वेळी घरातला कर्ता पुरुष किंवा कर्ती स्त्री अंथरुणास खिळते, असा या आकड्यांचा अर्थ.

आजाऱ्यांस पवित्र कम्युनियन देण्यासाठी आम्ही घरोघर जातो, तेव्हा एकच क्रम पुनःपुन्हा पाहावयास मिळतो. रुग्णालयातून परतलेला माणूस पहिल्या पंधरवड्यात फार निश्चयी असतो. तंबाखूची डबी फेकलेली असते, मीठ कमी केलेले असते, पहाटे उठण्याचा संकल्प सोडलेला असतो. तिसऱ्या महिन्यात डबी पुन्हा उशाखाली येते. मधल्या काळात काय घडले? पडून राहावयाचे होते. जिने चढावयास मनाई, ओझे उचलावयास मनाई, कामावर जावयास मनाई. मोकळा राहिला तो एक अंगठा. त्या अंगठ्याने सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत काचेवरची चित्रे वर सरकवावयाची आणि खालची वर येऊ द्यावयाची, हाच दिवसाचा उद्योग झाला. शरीर हळूहळू बरे होत गेले. पण आजारपणाने दिलेला रिकामा काळ या नव्या सवयीने गिळला. आमचे सांगणे एवढेच आहे की, दुखण्याने मोकळे केलेले तास तुम्ही कशाने भरता, यावर तुम्ही कोण होऊन उठणार हे पुष्कळ अंशी अवलंबून असते.

ज्ञान असले म्हणजे सवय सुधारते, असा एक समज आहे. तो खरा नसल्याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था स्थापून आदिवासींच्या व नवजात अर्भकांच्या आरोग्यासाठी झटणारे डॉ. अभय बंग यांस १९९५ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, हृदयविकाराचा झटका आला. सेवाग्रामच्या संस्कारांत वाढलेला, परदेशी जाऊन लोकआरोग्याचे उच्च शिक्षण घेतलेला, दुसऱ्यांचे आयुष्य वाचविणारा हा माणूस! आरोग्यशास्त्र त्यास ठाऊक नव्हते, असे कोण म्हणेल? पुढे त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक लिहिले, आणि ते मराठी घरोघर वाचले गेले. आपला आहार, व्यायाम, मनाची शांती आणि माणसांशी असलेले संबंध यांचा त्यांनी दुखण्यानंतर नव्याने विचार केला व दिनक्रम बदलला. दुखण्यास 'साक्षात्कारी' हे विशेषण लावण्याचे धैर्य किती जणांस होईल? परंतु या शब्दात मर्म आहे. झटक्याने शरीराची नस दाखविली, तशी दिवसाची घडणही दाखविली. ती पाहून घ्यावयाची की डोळे पुन्हा काचेकडे वळवावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.

ते ठरविण्याचे साधन आपल्या धर्मपरंपरेत पाचशे वर्षांपासून आहे. सात रस्त्यावरचे संत इग्नेशियसचे चर्च तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. ज्या संताचे ते नाव, तो तरुणपणी शिपाईगडी होता; मानाचा, पोशाखाचा व पराक्रमाच्या कथांचा भोक्ता. २० मे १५२१ रोजी पांप्लोनाच्या किल्ल्यावर तोफेच्या गोळ्याने त्याचा एक पाय मोडला व दुसरा जखमी झाला. त्यास लोयोला येथील घरी आणले. हाड वेडेवाकडे सांधले होते, ते पुन्हा मोडून बसविले. पुढे आलेला हाडाचा तुकडा बुटात शोभेना म्हणून तोही त्याने कापवून घेतला; तेव्हा गुंगीचे औषध नव्हते. मग कित्येक महिने अंथरूण. त्याने वेळ घालविण्यासाठी शूर सरदारांच्या अद्भुत कादंबऱ्या मागितल्या. घरात त्या नव्हत्या. होते ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे. नाइलाजाने त्याने तीच घेतली.

येथे जे घडले ते लक्ष देऊन ऐकावे. इग्नेशियस काही वेळ पुस्तक वाची, काही वेळ जुन्या स्वप्नांत रमे. एका थोर कुळातील स्त्रीची सेवा आपण कशी करू, याचे मनोराज्य तो तीन-तीन, चार-चार तास करी. रमत असता दोन्ही विचार गोडच वाटत. फरक मागाहून कळे. मनोराज्य संपले की मन कोरडे व असंतुष्ट राही. संतांच्या वाटेने जाण्याचा विचार संपला तरी मन प्रसन्न राही. एके दिवशी हा भेद त्याच्या ध्यानी आला. आस्वाद घेताना काय वाटते हे न पाहता, उरलेली चव कशी आहे हे त्याने पाहिले. पुढे ज्यास आपण विचारांची पारख म्हणतो, तिचा आरंभ एका आजाऱ्याच्या खाटेवर, वेळ कसा घालवावा या साध्या प्रश्नातून झाला.

हीच कसोटी हातातल्या मोबाइलला लावावी. मोबाइल हा सैतान आहे असे सांगावयास आम्ही उभे राहिलो नाही. २०२० मध्ये चर्चची दारे बंद असता मिस्साबलिदान याच काचेतून घरोघर पोहोचले. रुग्णालयात कोणास भेटू देत नसता कित्येकांनी आपल्या माणसाचा चेहरा याच काचेत पाहिला. आखातात किंवा कॅनडात असलेली मुलगी रोज रात्री बापास 'गोळी घेतली का?' म्हणून विचारते, ते याच यंत्राने. टॅक्सी चालविणाऱ्याची व घरोघर माल पोहोचविणाऱ्या मुलाची रोजीरोटी त्यावर आहे. म्हणून यंत्रास दोष न देता चव पाहावी. मुलीशी दहा मिनिटे बोलल्यावर मन कसे राहते, आणि अनोळखी माणसांची भांडणे दीड तास वाचल्यावर कसे राहते, हे तीन दिवस नुसते पाहावे. कोणी उपदेश करण्याची गरज उरणार नाही.

हिशेबही सोपा आहे. रोज रात्री दोन तास असे गेले तर वर्षाचे ७३० तास होतात. म्हणजे दिवसरात्र धरून पुरा एक महिना. मोबाइलने हृदय बिघडते की नाही, हे आम्ही सांगणार नाही. ते वैद्यांचे काम. परंतु तो महिना कोठून तरी आलेला असतो, आणि बहुधा झोपेतून आलेला असतो. अमेरिकन हार्ट असोसिएशन या संस्थेने २०२२ मध्ये हृदयाच्या आरोग्यास आवश्यक अशा गोष्टींच्या आपल्या यादीत झोपेची आठवी भर घातली. एलीया संदेष्टा खचून झुडपाखाली पडला व मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्यास आधी झोपू दिले, जेवू घातले, पुन्हा झोपू दिले. कामगिरी मागाहून आली. हा क्रम डॉक्टरांनाही पसंत पडेल.

आणखी एका राजाची कथा सांगतो. हिज्कीया मरणाच्या दारी होता. त्याने भिंतीकडे तोंड करून रडून प्रार्थना केली, आणि देवाने त्याच्या आयुष्यात पंधरा वर्षे वाढविली. तरीसुद्धा यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिराचा लेप लावावयास सांगितला, हे विसरू नये. प्रार्थना आणि औषध एकमेकांच्या आड येत नाहीत. आज व्हॉट्सॲपवरून पहाटे एक काढा येतो, दुपारी दुसरा येतो, आणि 'गोळ्या बंद करा' असा सल्ला सायंकाळी येतो. काढा पाठविणाऱ्याने तुमची नाडी पाहिलेली नसते, तुमच्या रक्ताचा दाखला वाचलेला नसतो. ज्या डॉक्टराने तो वाचला आहे, त्यास विचारल्यावाचून एकही गोळी सोडू नये, ही आमची हात जोडून विनंती आहे.

हिज्कीयाची कथा तेथे संपत नाही. तो आजारातून उठला हे ऐकून बाबेलच्या राजाने पत्रे व नजराणा देऊन माणसे पाठविली. हिज्कीया हर्षित झाला. त्याने त्यांस आपले रुपे, सोने, सुगंधी द्रव्ये, मोलाची तेले, शस्त्रागार, सर्व काही दाखविले. न दाखविलेले असे काही ठेवले नाही. मग यशयाने येऊन विचारले, या माणसांनी तुझ्या घरात काय पाहिले? राजा म्हणाला, सर्व पाहिले. तेव्हा संदेष्ट्याने सांगितले की, एके दिवशी हे सर्व बाबेलास जाईल.

बंधुभगिनींनो, बरे झाल्याच्या आनंदात आपणही घराची दारे अशीच उघडतो. खाटेवरचा फोटो, टाक्यांचा फोटो, नव्या भाकरीचा फोटो, नातवाच्या पाळण्याचा फोटो. विचारपूस करणाऱ्यांत खरे आप्त असतात, हे खरे. परंतु शंभर जणांनी अंगठा दाखविला याचा आनंद, आणि एकशे एकाव्याने दाखविला नाही याची खंत, ही दुबळ्या हृदयास कशाला हवी? वाढवून मिळालेली वर्षे पाहुण्यांस दाखविण्यात गेली, एवढेच हिज्कीयाविषयी लिहावयाचे राहू नये म्हणून यशयाचा प्रश्न आपण स्वतःस विचारावा: त्यांनी माझ्या घरात काय पाहिले? आणि माझ्या घरच्यांनी मला किती वेळ पाहिले?

आता, एकट्याने निश्चय का टिकत नाही, या मूळ प्रश्नाकडे येऊ. आपला हा गिरणगाव पूर्वी भोंग्यावर चाले. भोंगा झाला की चाळ उठे, भोंगा झाला की पाळी सुटे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतरच्या वर्षांत ते भोंगे एकामागून एक मुके झाले. त्या श्रमाचे दिवस गोड होते असे आम्ही म्हणणार नाही. कापसाच्या धुळीने किती छात्या पोखरल्या, हे येथील घरांस ठाऊक आहे. परंतु भोंगा माणसास कामावर बोलावी, तसा कामातून सोडवीही. खिशातला आजचा भोंगा केवळ बोलावतो. सोडण्याची वेळ त्यास माहीत नाही. ती वेळ आपणच नेमावी लागते, आणि अनेकांनी मिळून नेमली तर ती पाळवते.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून एक गाव आहे. महामारीच्या काळात मुलांचे शिक्षण मोबाइलवर आले, आणि शाळा उघडल्या तरी मोबाइल सुटेना. तेव्हा २०२२ च्या ऑगस्टात गावाने नियम केला: सायंकाळी सात वाजता भोंगा वाजावा, आणि साडेआठपर्यंत प्रत्येक घरातील टीव्ही व मोबाइल बंद असावा. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, एकमेकांशी बोलावे. लोक प्रथम हसले. पण घरोघर जाऊन समजावल्यावर गाव तयार झाला. त्या गावाने कोणा एकाच्या मनोबलावर भार टाकला नाही. सर्वांस एकच वेळ दिली. सायंकाळची आंजेलसची घंटा आपल्या पूर्वजांसाठी दुसरे काय करीत होती?

म्हणून या ज्युबिली वर्षात प्रत्येक घराने, विशेषेकरून जेथे कोणी दुखण्यातून उठले आहे अशा घराने, पुढील चार गोष्टी मिळून पाळाव्यात, अशी आमची सूचना आहे. पहिली: सायंकाळच्या घंटेपासून जेवण होईपर्यंत घरातील कोणाचाही मोबाइल हाती नसावा. आजाऱ्याने सोडावा व बाकीच्यांनी पाहत बसावे, असे नको; पथ्य एकट्याने जेवावयाचे म्हटले म्हणजे ते शिक्षेसारखे लागते. दुसरी: निजताना मोबाइल उशापाशी नसावा. आमच्या चाळीतल्या खोलीस दुसरी खोली नाही, असे कोणी म्हणेल. तर स्वयंपाकाच्या मांडणीवर ठेवावा. रात्री मदतीची गरज लागेल, तर घंटी ऐकू येण्याइतका तो जवळ असतोच. तिसरी: चालणे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांस आठवड्यातून किमान १५० मिनिटे बेताच्या श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. डॉक्टरांनी मोकळीक दिली की राणीच्या बागेपर्यंत जावे, शेजाऱ्यास सोबत घ्यावे. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची डॉ. जेरी मॉरिस यांनी पाहणी केली, ती १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांस हृदयविकार कमी होत असे. बेस्टच्या नोकरीत आयुष्य काढलेल्या घरांस हे उदाहरण सहज पटेल. चौथी: रात्री निजण्यापूर्वी पाच मिनिटे दिवसाचे परीक्षण. आज कशाची चव चांगली उरली? कशाने मन कोरडे झाले? एवढे दोनच प्रश्न.

यात अतिरेक नको. इग्नेशियस बरा झाल्यावर मानरेसा येथे इतके उपवास व जागरणे करू लागला की त्याची प्रकृती कायमची बिघडली. पुढे आपल्या सोबत्यांस त्याने शरीराची वाजवी काळजी घेण्याचाच नियम घालून दिला. ज्या दिवशी नियम मोडेल, त्या दिवशी घरच्यांनी आजाऱ्यास बोल लावू नयेत. दुसऱ्या दिवशी सायंकाळी घंटा पुन्हा व्हावयाचीच आहे.

आणि जे धडधाकट आहेत, त्यांनी तोफेचा गोळा लागण्याची वाट पाहू नये. ज्यास पोप लिओ चौदावे यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद दिले, तो कार्लो आकुतिस संगणकात अत्यंत निपुण असा मुलगा होता. पवित्र साक्रामेंताच्या चमत्कारांची माहिती त्याने संगणकावरून जगास दिली. पण खेळण्यासाठी त्याने स्वतःस आठवड्यास एकच तास नेमून घेतला होता. रक्ताच्या कर्करोगाने तो १२ ऑक्टोबर २००६ रोजी, वयाच्या १५ व्या वर्षी वारला. आजार येऊन काही दिवसांतच सर्व संपले. नवा दिनक्रम लावण्यास त्यास वेळ मिळाला नाही. त्याची गरजही नव्हती. तो आधीच लावलेला होता.

बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून असलेल्या माणसास ख्रिस्तप्रभूने प्रथम विचारले ते हे की, बरे होण्याची तुझी इच्छा आहे काय. प्रश्न विचित्र वाटतो. आजाऱ्यास बरे व्हावयाचे नसेल काय? परंतु बरे होणे म्हणजे अंथरूण उचलून चालू लागणे, आणि अंथरुणाचीही सवय होते. आपल्या धर्मग्रामात आज जे दुखण्यातून उठत आहेत, त्यांस आम्ही हाच प्रश्न प्रेमाने विचारतो. 'होय' म्हणणाऱ्यास एकटे चालावे लागू नये, ही जबाबदारी आपणा सर्वांची. पुढील रविवारपासून सायंकाळची घंटा नियमाने होईल. तिचा आवाज ऐकताच मांडणीवर मोबाइल ठेवणारी दहा घरे निघाली, तरी ही ज्युबिली साजरी झाली असे आम्ही समजू. परमेश्वर तुम्हांस निरोगी शरीर, शांत झोप आणि एकमेकांसाठी वेळ देवो.